मखमलची माती

मांजर आपल्या वस्तीतल्या घरांना नवीन नाही. कोणाच्या दारात ते उन्हात पहुडलेले असते, तर कोणाच्या स्वयंपाकघरात मासळीच्या वासाने घोटाळत असते. थोर सहाबी हजरत अबू हुरैरा यांचे हे नाव मांजराच्या पिल्लावरून पडले, हे तुम्हांला ठाऊक असेलच. मांजरावर माया करायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

पण मांजर पाळणे म्हणजे त्याला दूध घालणे आणि मांडीवर घेणे एवढेच नव्हे. मांजराने शी-शू कोठे करावी, कशात करावी आणि ती रोज कोणी उचलावी, हाही पाळण्याचाच भाग आहे. हा विषय ऐकून तुम्ही नाक मुरडाल. आमच्या घरातही सुरुवातीला सर्वांनी नाक मुरडले होते. पण याच प्रश्नावर एका मुक्या जिवाने आमच्या घरात राहावे की जावे, हे ठरणार होते. म्हणून आज त्याविषयीच लिहितो आहे.

पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. माझ्या आजीच्या घरामागे परस होते. घरातले मांजर आपणच मागच्या दाराने बाहेर जाई, मऊ माती उकरी, काम आटोपून पुन्हा माती ओढी आणि अंग चाटत घरात येई. त्याने घाण कोठे केली, हे कोणाला कळतही नसे. आता आम्ही भिवंडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली सिमेंटचा रस्ता, वर गच्ची, घरात गुळगुळीत फरशी. मूठभर माती शोधायची तर गॅलरीतल्या कुंडीपाशीच जावे लागते.

अशा घरात एका पावसाळ्यात माझी मुलगी मांजराचे एक पिल्लू घेऊन आली. जिन्याखाली ते भिजून कुडकुडत बसले होते. जेमतेम दोन महिन्यांचे असेल. करड्या रंगाचे, अंगावर मऊ लव. मुलीने तिचे नाव ठेवले मखमल. दोन दिवसांत मखमल घरभर धावू लागली. तिसऱ्या दिवशी तिने अम्मींच्या मुसल्ल्याचा कोपरा ओला केला.

अम्मी मांजरावर रागावणाऱ्या नाहीत. मांजराने तोंड लावलेल्या पाण्याने वजू करता येते, हे त्यांनीच आम्हांला लहानपणी सांगितले होते. पण मूत्राची गोष्ट वेगळी. ते नापाकच. नमाजची जागा पाक नसेल तर नमाज कशी पढायची? त्या मला म्हणाल्या, "आठ दिवस देते. तेवढ्यात हिला शिकव. नाहीतर कोणाच्या तरी अंगणात सोडून ये."

माझी मुलगी रडू लागली. मी तिला म्हटले, "रडून काय होणार? आधी मखमल कोठे कोठे जाते, ते पाहू."

आम्ही दोघांनी एक दिवस तिच्यावर पाळत ठेवली. ती सर्वप्रथम गॅलरीतल्या कुंडीकडे जाई आणि पुढच्या पायांनी माती उकरू पाही. कुंडी उंच होती, म्हणून तिचा प्रयत्न फसे. मग ती घरात येऊन मऊ जागा शोधी. कधी पायपुसणे, कधी धुण्याचे कपडे, कधी मुसल्ला! म्हणजे मखमल खोडकर नव्हती. ती माती शोधत होती आणि आमच्या घरात माती नव्हती.

मुलांनो, मांजराचा हा स्वभाव फार जुना आहे. आपल्या घरातली मांजरे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरांची वंशज आहेत. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, तेव्हा धान्याजवळ उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरे आली. सायप्रस बेटावर एका माणसाच्या थडग्याजवळ पुरलेले मांजर सापडले. ते सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे आहे, असे २००४ साली संशोधकांनी जाहीर केले. इतकी वर्षे माणसाच्या सोबतीत गेली, तरी मोकळ्या मातीत खड्डा करायचा आणि मग तो झाकायचा, ही सवय मांजराने सोडली नाही. ती त्याला शिकवावी लागत नाही. आपण फक्त त्याला योग्य माती द्यायची.

पण योग्य माती कोणती?

पहिल्यांदा आम्ही शेजारच्या बांधकामावरून घमेलेभर रेती मागून आणली. ती चाळली, धुतली, वाळवली आणि प्लॅस्टिकच्या एका उथळ टबात पसरली. मखमलला त्यात अलगद ठेवले. तिने रेती हुंगली, दोन्ही पायांनी उकरली आणि लगेच कामाला लागली. माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मुसल्ला कोरडा राहिला. आठ दिवसांची मुदत संपली, पण अम्मींनी तो विषय काढला नाही.

रेती स्वस्त खरी, पण तिला दोन अडचणी. एक तर ती फार जड. दुसरी म्हणजे ती पाणी धरून ठेवत नाही. मांजराचे मूत्र सरळ तळाशी जाते आणि तेथे साचते. मूत्रात युरिया असतो. जीवाणू त्याचा अमोनिया करतात आणि डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो. त्यामुळे दर दोन दिवसांनी सगळी रेती बदलावी लागे. पावसाळ्यात ती वाळतही नसे.

अब्बांनी सुचवले, "बेकरीच्या भट्टीतली राख आण. आमच्या लहानपणी राखच वापरीत." राखेने वास कमी झाला. पण मखमल टबातून बाहेर आली की फरशीवर काळ्या पावलांची रांग उमटे. एकदा तर ती रांग थेट अब्बांच्या पांढऱ्या कुर्त्यावर चढली! राख अब्बांनीच बंद केली.

गंमत अशी की हीच तक्रार अमेरिकेत एका बाईने १९४७ साली केली होती. मिशिगन राज्यात कॅसोपोलिस नावाचे एक गाव आहे. तेथे एड लोव्ह नावाचा तरुण वडिलांच्या धंद्यात काम करीत असे. त्याची शेजारीण मांजरासाठी राख वापरी आणि घरभर उमटणाऱ्या काळ्या पावलांनी त्रासून जाई. हिवाळ्यात बाहेरची रेती गोठली होती. म्हणून ती लोव्हकडे थोडी रेती मागायला आली. लोव्हकडे एक प्रकारच्या मातीचे भाजलेले दाणे होते. कारखान्यात सांडलेले तेल टिपायला ते विकले जात. त्याने रेतीऐवजी तेच दिले. काही दिवसांनी शेजारीण परत आली आणि तीच माती पुन्हा मागू लागली. लोव्हने दहा पिशव्या भरल्या, त्यांवर 'किटी लिटर' असे लिहिले आणि गावातल्या दुकानात ठेवायला नेल्या. दुकानदार हसला. रेती इतकी स्वस्त असताना मातीला ६५ सेंट कोण देणार? लोव्ह म्हणाला, "मग फुकट वाट." ज्यांनी फुकट नेली, ते पुढे पैसे देऊन मागू लागले. यातूनच पुढे मोठा उद्योग उभा राहिला.

ती माती कोणती होती, माहीत आहे? इंग्रजीत तिला 'फुलर्स अर्थ' म्हणतात. लोकर आणि कापड धुऊन स्वच्छ करणारे कारागीर तिचा उपयोग तेलकटपणा काढण्यासाठी करीत. तशाच मातीला आपण मुलतानी माती म्हणतो. होय, तीच. तुमच्या घरातही असेल!

मखमल सहा-सात महिन्यांची झाली आणि आमच्या घरात एक आनंदाची बातमी आली. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. घरात तयारी सुरू झाली. पण बातमीबरोबर भीतीही आली. शेजारच्या खाला म्हणाल्या, "पोटुशी बाई घरात आणि मांजर पण घरात? मांजराच्या घाणीने पोटातल्या बाळाला धोका होतो. आजच पोत्यात घाला आणि मासळी बाजारात सोडून या." अम्मी गप्प झाल्या. या वेळी त्यांनी आठ दिवसांची मुदतही दिली नाही. नातवंडापुढे मांजराची काय किंमत? त्यांचे म्हणणे मलाही खोडता येईना.

बहीण म्हणाली, "भाईजान, आधी डॉक्टरांना विचारू या."

डॉक्टरांनी सगळे नीट समजावून सांगितले. खालांचे बोलणे अगदी खोटे नव्हते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. मांजर कच्चे मांस, उंदीर किंवा पक्षी खाते, तेव्हा तो त्याच्या पोटात जाऊ शकतो आणि मग काही आठवडे त्याची बीजे विष्ठेतून बाहेर पडतात. गर्भवती स्त्रीला पहिल्यांदाच याची लागण झाली, तर बाळाला इजा होऊ शकते. पण डॉक्टरांनी पुढे जे सांगितले, ते महत्त्वाचे होते. ही बीजे विष्ठेतून पडल्याबरोबर लागण करीत नाहीत. त्यांना त्यासाठी एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली, तर धोका पुष्कळ कमी होतो. गर्भवती स्त्रीने हे काम करू नये, घरातल्या दुसऱ्याने करावे. मांजराला बाहेर सोडू नये, कच्चे मांस देऊ नये. डॉक्टर असेही म्हणाले, "केवळ मांजराकडे बोट दाखवू नका. हा परजीवी अर्धवट शिजलेल्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो. मांस पूर्ण शिजवा, भाज्या धुवा, मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवा."

घरी येताना माझ्या मनात एकच विचार होता. विष्ठा रोज उचलायची आणि मूत्रही साचू द्यायचे नाही, तर रेती चालणार नाही. मग कोणती माती चालेल?

त्या रविवारी मी आणि माझ्या मुलीने एक प्रयोग केला. तुम्हांलाही तो करता येईल. आम्ही पाच वाट्या घेतल्या. एकीत रेती, दुसरीत राख, तिसरीत सुताराच्या दुकानातला लाकडाचा भुसा, चौथीत मुलतानी मातीची पूड आणि पाचवीत बेंटोनाइट मातीचे दाणे घातले. प्रत्येक वाटीत दोन चमचे पाणी ओतले आणि दहा मिनिटे थांबलो. रेतीतले पाणी तळाशी उतरले. राखेचा चिखल झाला. भुशाने पाणी शोषले, पण चमचा घालताच तो सगळीकडे पसरला. मुलतानी मातीच्या पुडीचा चिकट लेप झाला. बेंटोनाइटमध्ये मात्र पाणी पडले तेथे दाणे फुगून एकमेकांना चिकटले आणि एक घट्ट गोळा तयार झाला. तो चमच्याने अलगद उचलता आला. बाकीची माती कोरडीच राहिली.

मुलगी ओरडली, "अब्बू, हीच! हीच मखमलची माती!"

बेंटोनाइट ही ज्वालामुखीच्या राखेपासून लाखो वर्षांत बनलेली माती आहे. पाणी मिळताच ती अनेक पटींनी फुगते. आपल्या देशात गुजरातमधील कच्छ आणि राजस्थानमधील बाडमेर या भागांत ती सापडते. मांजरासाठी अशी गोळा होणारी माती १९८४ साली अमेरिकेत थॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने तयार केली. आता ती आपल्याकडेही दुकानांत मिळते. मी दुकानातून ती घेऊन आलो, तेव्हा पिशवीवर 'कॅट लिटर' हे शब्द वाचून अब्बांनी विचारले, "किती लिटर आणलेस?" मी म्हटले, "पाच किलो लिटर आणले!" घरात बऱ्याच दिवसांनी सगळे हसले.

मखमल आता मोठी झाली होती, म्हणून ही माती तिला देता आली. अगदी लहान पिल्लांना ती देऊ नये. पिल्ले दिसेल ते चाटतात, खातात आणि ही माती त्यांच्या पोटात जाऊन फुगू शकते. चार महिन्यांपर्यंत त्यांना साधी रेती, लाकडाच्या गोळ्या किंवा कागदाचे तुकडे बरे. शिवाय माती एकदम बदलू नये. आम्ही रोज थोडी रेती काढून तेवढेच बेंटोनाइट घातले. आठवड्याभरात मखमलला नव्या मातीची सवय झाली.

याच सुमारास माझ्या मामेभावाने मुंबईहून एक भेट आणली. तीही बेंटोनाइटचीच माती होती, पण फुलांच्या अत्तराचा वास असलेली. आमच्या सर्वांच्या नाकाला ती फार आवडली. मखमलला नाही. ती टबाच्या कडेवर उभी राहिली, पंजा झटकला आणि अब्बांच्या वर्तमानपत्रावर जाऊन बसली! मांजराचे नाक आपल्यापेक्षा फार तीक्ष्ण असते. आपल्याला जो मंद सुगंध वाटतो, तो त्याला असह्य होऊ शकतो. माती आपल्या नाकासाठी नव्हे, मांजराच्या पंजासाठी आणि नाकासाठी निवडायची असते. बारीक, मऊ, बिनवासाची आणि कमी धुळीची माती बहुतेक मांजरांना आवडते. दुकानात सिलिकाचे मणी मिळतात, सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेल्या कांड्या मिळतात. त्याही काही मांजरांना चालतात. शेवटी पसंती मांजराची!

माती मिळाली म्हणजे सगळे झाले, असे मात्र नाही. ती दोन-अडीच इंच जाड पसरावी लागते. टब एवढा मोठा हवा की मांजराला त्यात सहज वळता यावे. तो त्याच्या जेवणाच्या ताटलीपासून दूर आणि शांत जागी ठेवावा. आपणही स्वयंपाकघर आणि संडास वेगळे ठेवतोच ना? आम्ही दोन टब ठेवले. बहिणीच्या खोलीपासून लांब, मागच्या गॅलरीत. रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी मी रबरी हातमोजे घालून जाळीच्या झाऱ्याने गोळे उचलीत असे. ते पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत देत असे. ही माती संडासात कधीही टाकू नये. ती पाइपात फुगून बसते आणि मग साऱ्या इमारतीला त्रास होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे घाण दिसली की फिनेल ओततात. फिनेल मांजरासाठी विषारी आहे. ते मांजराच्या पंजांना लागते, मांजर पंजे चाटते आणि ते पोटात जाते. त्याच्या यकृताला अशी रसायने पचवता येत नाहीत. टब साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवावा.

रोज टब साफ करताना मला एक उपयोगी गोष्ट कळली. गोळ्यांवरून मांजराची तब्येत कळते. रोजच्यापेक्षा गोळे फार वाढले किंवा फार कमी झाले, तर काहीतरी बिघडले आहे, असे समजावे. आमच्याच इमारतीतला एक बोका टबात पुन्हापुन्हा बसून कुंथत होता, पण माती कोरडीच राहत होती. घरच्यांना वाटले, पोट साफ होत नसेल. पण त्याचे मूत्र अडले होते. बोक्यांना हा आजार होतो आणि उशीर झाला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. त्यांनी त्याच दिवशी त्याला पशुवैद्यांकडे नेले, म्हणून तो वाचला. कोरडी माती वेळेवर पाहिली, याचा हा फायदा.

बहिणीला मुलगा झाला. आई आणि बाळ दोघेही सुखरूप. मखमल त्या दिवसांत बाळाच्या खोलीच्या दाराबाहेर बसून राही. अम्मी तिला आत येऊ देत नसत, पण हाकलीतही नसत.

मागच्या महिन्यात वर्गात ही हकीकत सांगितली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, एका मांजराच्या घाणीसाठी एवढा खर्च? लोकांना खायला मिळत नाही."

प्रश्न योग्य होता. मी त्याला सांगितले की विकतची माती घेतलीच पाहिजे, असे मुळीच नाही. ज्याच्या घरी ती परवडत नाही, त्याने चाळलेली रेती किंवा भुसा वापरावा. फक्त तो जास्त वेळा बदलावा. विष्ठा रोज उचलावी आणि हात धुवावेत. महाग मातीचा टब आठ दिवस तसाच ठेवणाऱ्यापेक्षा, फुकटची रेती रोज साफ करणारा मांजराचा खरा मित्र असतो. घरात मांजर आणायचे की नाही, हे ठरवतानाच विचारावे, हे काम रोज कोण करणार? उत्तर नसेल तर आणू नये.

मग मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. आपण अंगणांवर सिमेंट टाकले, परसात इमारती बांधल्या, घरात फरशा बसवल्या. त्या साऱ्या जागी पूर्वी माती होती आणि त्या मातीवर मांजराचाही थोडा हक्क होता. आता ते आपल्या घरात, आपल्या मर्जीने राहते. टबभर माती देतो, तेव्हा आपण त्याच्यावर उपकार करीत नाही. त्याचेच थोडेसे त्याला परत करतो.